पुस्तकाचा दंड आणि मूठभर धान्य

खेड्यातील प्राथमिक शाळेच्या पुस्तक-कपाटाची किल्ली बहुधा मुख्याध्यापकांच्या खिशात असते, आणि ती खिशातून बाहेर येण्याचे प्रसंग वर्षातून मोजकेच असतात. ह्यात मुख्याध्यापकांचाच सर्व दोष आहे असे म्हणता यावयाचे नाही. कपाटातील प्रत्येक पुस्तक जडवस्तू-संग्रहाच्या नोंदवहीत चढलेले असते. तपासणीच्या वेळी पुस्तके मोजली जातात व एखादे कमी भरले तर त्याचा जाब द्यावा लागतो. पुस्तक हरवले तर विचारणारा कोणी तरी असतो; पुस्तक वाचलेच गेले नाही तर विचारणारा कोणीही नसतो. मग सावध माणूस कुलूप लावतो. नोंदवहीतील पुस्तके पूर्ण भरतात, पाने कोरी राहतात, आणि पावसाळ्यात वाळवीचे काम तेवढे निर्वेध चालते.

ज्या शाळांत पुस्तके घरी दिली जातात, तेथे प्रश्न निराळा आहे. आठ दिवसांची मुदत, मुदतीनंतर दररोज काही पैसे दंड, असा नियम शहरातील वाचनालयांवरून शाळेत आलेला आहे. वाचनालयाच्या प्रौढ सभासदाने अनामत ठेवलेली असते, वर्गणी भरलेली असते व नियम वाचून सही केलेली असते. शाळेतील मुलाने ह्यांपैकी काहीच केलेले नसते. तो नियम मुलाला लावला म्हणजे काय होते, ते एका उदाहरणावरून पाहावे.

समजा, चाळीसगाव किंवा साक्री तालुक्यातील एका गावातील चौथीच्या मुलीने दिवाळीच्या सुटीपूर्वी गोष्टींचे एक पुस्तक घरी नेले. पुस्तकाची किंमत चाळीस रुपये. दिवाळी उरकताच आईबाप ऊसतोडीला निघाले व मुलगीही त्यांच्याबरोबर गेली. पुस्तक गाठोड्यात गेले असेल, किंवा आजीजवळ फडताळात राहिले असेल. गळीत हंगाम संपून कुटुंब परत आले तेव्हा मुदत उलटून १६० दिवस झाले होते. दररोज ५० पैसे ह्या दराने दंड ८० रुपये होतो, म्हणजे पुस्तकाच्या किमतीच्या दुप्पट. हा दंड कोणी वसूल करणार नाही, हे गुरुजींना ठाऊक असते. पण मुलीला ते ठाऊक नसते. तिला एवढेच कळते की, पुस्तक घेऊन शाळेत गेले तर सर्वांसमोर काही तरी विचारले जाईल. ती पुस्तक दडवते. पुढे पुस्तकाबरोबर शाळेलाही टाळू लागते. पाच महिने बाहेर काढून आलेल्या मुलीला शाळेत परत यावयास आधीच अवघड वाटत असते. त्यात उंबरठ्यावर हा आणखी एक धोंडा पडतो.

येथे कायद्याचीही आठवण ठेवणे अवश्य आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमाने, प्राथमिक शिक्षण पुरे करण्यास अडथळा होईल असे कोणतेही शुल्क, आकार वा खर्च बालकावर लादता येत नाही. त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे सांगितले आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास ह्यांनाही त्यात बंदी आहे. पाटीवर थकबाकीदारांची नावे लिहिणे ह्यात कोठे बसते, ते ज्याने त्याने पाहावे.

परदेशातील प्रयोग

दंड पैशांतच का घ्यावा, असा प्रश्न अमेरिकेतील अनेक गावांच्या सार्वजनिक ग्रंथालयांना पडला व त्यांनी त्याचे एक सुटसुटीत उत्तर काढले. वर्षातून काही दिवस, बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात, दंडाच्या ऐवजी डबाबंद किंवा कोरडे अन्न स्वीकारावयाचे. एका डब्यामागे ठरावीक रक्कम, पुष्कळ ठिकाणी एक डॉलर, माफ होते. जमलेले अन्न गावातील गरजू कुटुंबांना शिधा देणाऱ्या संस्थेकडे जाते. हरवलेल्या पुस्तकाची किंमत ह्यातून वजा होत नाही. केवळ उशिराचा दंड तेवढा फिटतो. संकोचाने तोंड लपविणारा वाचक हातात काही तरी घेऊन, वाटल्यास थोड्या अभिमानानेही, ग्रंथालयाच्या दारात येतो, हा ह्या योजनेचा खरा लाभ. लॉस एंजेलिस परगण्याच्या ग्रंथालयाने तर २०१७ मध्ये मुलांना व तरुणांना वाचूनच दंड फेडण्याची सवलत दिली. ग्रंथालयात बसून एक तास वाचन केले की ५ डॉलर माफ! वाचनाचा दंड वाचनाने फेडून घेणारी ही युक्ती कोणाही शिक्षकाच्या मनात भरण्यासारखी आहे.

तथापि अन्नाच्या योजनेत एक उणीव राहतेच. ज्याच्याजवळ दंडाला पैसा नाही, त्याच्याजवळ देण्यासाठी अन्नाचा डबा तरी कोठून यावा? शिवाय मुलगा जे आणतो ते दान की दंड, हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून बऱ्याच ग्रंथालयांनी पुढचे पाऊल टाकले. आयर्लंडमधील सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१९ च्या आरंभी उशिराचा दंड बंद केला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून शिकागो शहराच्या ग्रंथालयाने तो काढून टाकला. दंड साचल्यामुळे खाते बंद झालेल्या वाचकांचे प्रमाण त्या शहराच्या दक्षिणेकडील गरीब वस्त्यांत उत्तर भागाच्या सुमारे दुप्पट आहे, असे तेथे आढळले होते. दंड उठल्यावर पुस्तके कोणी परत करणार नाही अशी भीती होती. घडले उलटेच. आरंभीच्या आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या दुपटीहून अधिक झाली. वर्षानुवर्षे घरात दडलेली पुस्तके बाहेर पडली. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये हाच मार्ग धरला.

दंडाच्या धाकाने माणसे वेळ पाळतात, हा समजही सर्वस्वी खरा नाही. इस्राएलमधील हैफा शहरात दहा बालसंगोपन केंद्रांत केलेला एक प्रयोग शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. मुलांना न्यावयास पालक उशिरा येत, म्हणून सहा केंद्रांत दहा मिनिटांहून अधिक उशिरास दंड बसविण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. उशिरा येणारे पालक सुमारे दुप्पट झाले. पूर्वी उशीर झाला की बाईंना ताटकळत ठेवल्याची खंत वाटे. आता पैसे दिले की हिशोब मिटला. पुढे दंड काढून टाकला, तरी पहिली खंत परत आली नाही. ग्नीझी व रुस्तिकिनी ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला. दंड ही शिक्षा न राहता किंमत होऊन बसते, असा त्याचा मथितार्थ आहे. एखाद्या सधन घरच्या मुलाने ‘किती झाले, सांगा’ म्हणून नोट पुढे केलेली ज्या शिक्षकाने पाहिली असेल, त्याला हैफाचे उदाहरण लांबचे वाटणार नाही.

आपल्याकडील मूठ

शाळेसाठी धान्य देणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. सरकारी शाळा निघण्यापूर्वी गावच्या पंतोजीला मुलांच्या घरून धान्य व शिधा मिळत असे. त्या व्यवहारात शिक्षणाचा मोबदला होता. पुढे त्याच मुठीला निराळा अर्थ आला. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. ह्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांनी गावोगाव रोख वर्गणीची वाट पाहिली नाही. शेतकऱ्याच्या घरात पैसा नसला तरी कणगीत चार दाणे असतात, हे ते जाणून होते. घरच्या बायांनी दळणातून मूठभर धान्य बाजूला काढावे, ते साठवावे व वसतिगृहास द्यावे, अशी ही मुष्टिफंडाची रीत. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटील ह्यांनी स्वतःचे दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील मोडून मुलांना जेवू घातले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मुष्टिफंडातील एक बारकावा येथे ध्यानात घ्यावा. निरनिराळ्या घरची ज्वारी एका पोत्यात पडली की कोणती मूठ कोणत्या घरची, कोणत्या जातीची, थोरल्या वाड्याची की झोपडीची, हे ओळखता येत नसे.

ह्याच रीतीचे दुसरे रूप म्हणजे विनोबांचे सर्वोदयपात्र. धुळ्याशी विनोबांचे नाते खानदेशातील शिक्षकास सांगावयास नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने केली व ती उतरून घेतली साने गुरुजींनी. अमळनेरच्या शाळेत सहा वर्षे शिक्षक राहिलेल्या, छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढणाऱ्या व ‘विद्यार्थी’ मासिक चालविणाऱ्या गुरुजींच्या हातून ते काम झाले, हा खानदेशचा भाग्ययोगच. पुढे भूदानाच्या काळात विनोबांनी घरोघर एक पात्र ठेवावयास सांगितले. त्यात रोज मूठभर धान्य टाकावयाचे, आणि ते घरातील लहान मुलाच्या हातून. मोठ्या माणसाची मूठ मोठी, तिच्यात धान्य अधिक मावले असते. परंतु विनोबांना धान्याहून देण्याचे वळण हवे होते, व वळण लहानपणीच लागते.

खानदेशात मुठीचे माप अद्यापि जिवंत आहे. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटांसाठी घरातील माणसे मोजून मुठीने गहू घेतला जातो. परगावी असलेल्याचीही मूठ धरली जाते. शाळेत धान्याची मूठ आणावयास सांगितली तर ती कल्पना येथील आयांना समजावून सांगावी लागणार नाही.

शाळेत काय करता येईल

ह्या सर्वांचा मेळ शाळेच्या कपाटाशी घालावयाचा तर एक गोष्ट प्रथम पक्की केली पाहिजे. दंडाऐवजी धान्य, एवढाच फेरफार करून भागणार नाही. दंड म्हणून आणलेली ज्वारी ही दंडच राहते, आणि भूमिहीन मजुराच्या घरी मूठभर ज्वारीही कधी कधी जड असते. उशीर करणाऱ्या मुलानेच धान्य आणावे असा नियम झाला, तर धान्याची पिशवी हातात असलेला प्रत्येक मुलगा चुकार म्हणून ओळखला जाईल. तेव्हा दंड समूळ काढावा आणि मूठ सर्वांची असावी, हेच युक्त होय.

त्यासाठी वर्षातून एक आठवडा ठरवावा. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला येतो. त्याच्या आसपास मूग, उडीद निघालेले असतात, ज्वारी-बाजरी खळ्यावर येण्याच्या बेतात असते, आणि ऊसतोडीची कुटुंबे अद्याप गावात असतात. दिवाळी लवकर येणाऱ्या वर्षी आठवडा थोडा अलीकडे घ्यावा. दुसरा आठवडा कुटुंबे परत आल्यावर, आखाजीच्या सुमारास, शाळेला सुटी लागण्यापूर्वी ठेवता येईल. त्या आठवड्यात कोणतेही पुस्तक, कितीही जुने, कसल्याही अवस्थेत परत आले तरी काहीएक विचारू नये. वर्गात एक झाकणाचा डबा ठेवावा. ज्याला वाटेल त्याने त्यात मूठभर धान्य टाकावे, ज्याला वाटणार नाही त्याने टाकू नये, आणि कोणी टाकले ह्याची नोंद ठेवू नये. शिक्षकांना नोंदीची सवय असल्यामुळे ही शेवटची अटच सर्वांत अवघड जाईल.

पुस्तकांची नोंद मात्र चोख हवी. मुलाचे नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक व नेल्याची तारीख एवढी तीन घरे पुरेत, आणि हे काम पाचवी-सहावीच्या मुलांकडे पाळीपाळीने सोपवावे. मुदत उलटल्यास दंडाची नव्हे तर आठवणीची चिठ्ठी द्यावी. ‘हे पुस्तक वाचण्यासाठी दुसरे कोणी थांबले आहे’ असे तीत लिहावे, व त्या थांबलेल्या मुलाने ती स्वतः नेऊन द्यावी. मुलाला नियमाची भीती वाटते, परंतु मित्राच्या वाट पाहण्याची लाज वाटते. ह्या दोहोंतील फरक शिक्षकाने ओळखावा. स्थलांतराला निघणाऱ्या मुलाला तर मुद्दाम पुस्तक द्यावे आणि तारखेच्या घरात ‘परत येईल तेव्हा’ असे लिहावे. ऊसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, त्या मुलाजवळ शाळेची म्हणून जी वस्तू असेल ती तेवढीच असेल.

पुस्तके हरवतीलच. ती हरवतात तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेपुढे यादी ठेवावी, कारण स्पष्ट लिहावे व ठरावाने नोंद घ्यावी. फाटक्या व जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वेळच्या वेळी केंद्रप्रमुखांमार्फत वरिष्ठांकडे पाठवावा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आद्य प्रवर्तक डॉ. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली जे पाच नियम सांगितले, त्यांतील पहिलाच असा आहे की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. वापराने झिजलेले पुस्तक आणि वाळवीने खाल्लेले पुस्तक ही दोन्ही नोंदवहीतून सारखीच कमी होतात. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ह्या दोहोंत भेद करावयास शिकावे, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये.

ह्या डब्यातून गणिताचा एक चांगला पाठही निघतो. चौथी-पाचवीच्या मुलांना प्रथम दंडाचे उदाहरण घालावे. दररोज ५० पैसे दंड असेल तर ४० रुपयांच्या पुस्तकाचा दंड किमतीइतका किती दिवसांत होईल? ८० दिवस हे उत्तर आले की ‘मग असा नियम बरोबर आहे काय?’ असे विचारून थांबावे. मुलांना बोलू द्यावे. त्यांची न्यायबुद्धी बरीच तल्लख असते. नंतर दहा मुलांची एकेक मूठ ज्वारी निरनिराळी तोलून सरासरी काढावी. वर्गाच्या सर्व मुठींचे वजन किती होईल ह्याचा आधी अंदाज करावा व मग डबा प्रत्यक्ष तोलून पडताळा पाहावा. मग तीच मूठ बाजरीची घेतली तर वजन तेवढेच भरेल काय, हेही पाहावे. घरी आजीला शेर, अधोली, पायली ही जुनी मापे विचारून यावयास सांगितले तर दुसऱ्या दिवसाचा पाठ आपोआप तयार होतो. वर्गात अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारी मुले असतील तर धान्यांची त्यांच्या बोलीतील नावे फळ्यावर प्रमाण मराठीच्या शेजारी लिहून घ्यावीत.

जमलेल्या धान्याविषयी काही दक्षता घ्यावी लागते. ते शालेय पोषण आहाराच्या धान्यात मिसळू नये. त्याचा साठा व हिशोब निराळा आहे. शिजवलेले अन्न, पीठ किंवा तेल घेऊ नये. कोरडे दाणे तेवढे घ्यावेत. मुलांसमक्ष ते चाळून, निवडून, उन्हात वाळवून भरावे. ज्वारी, बाजरी, मूग, तूर एकत्र झाली असल्यास निवडण्याचे काम पहिली-दुसरीच्या मुलांना द्यावे, त्यांची बोटे त्यात छान रमतात.

मग हे धान्य द्यावयाचे कोणाला, ते मुलांनीच ठरवावे. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांनी गावात राहून शिकावे म्हणून शासनाच्या योजनेतून स्थलांतराच्या गावी हंगामी वसतिगृहे चालविली गेली आहेत. तसे वसतिगृह गावात असेल तर धान्य तेथे देता येईल, मात्र तेथील जबाबदार माणसांना आधी विचारून. नसेल तर गावातच पाहावे. दिवाळीनंतर ज्या घरांची दारे ओढून घेतलेली दिसतात, त्यांतील काही घरांत एखादी म्हातारी व तिच्याजवळ ठेवलेले एखादे नातवंड असते. ते नातवंड शाळेत येत असते आणि त्याच्या घरी संध्याकाळी काय शिजते, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला ठाऊक असते. धान्य कोणाकडे पोहोचवावे हे त्या शेजारी बसणाऱ्या मुलाला हळूच विचारावे, पिशवी दिवेलागणीच्या वेळी न्यावी, आणि जाताना बरोबर आजीला वाचून दाखवावयाचे एक पुस्तकही न्यावे. त्या पुस्तकाच्या परतीची तारीख लिहिण्याचे कारण नाही.